पाच डब्यांत कोण बसणार?

घरात खेळण्यातली रेल्वे चालवणारे आम्ही लोक भेटलो की बोलणं इंजिनावर जातं. आवाज कसा आहे, मोटर गरम होते का, हळू चालवलं तर धक्के बसतात का. डब्यांचा विषय निघालाच तर किती घेतले आणि कितीला घेतले, एवढ्यावर मिटतो. मला हे पटत नाही. रेल्वे धावते ती डब्यांतल्या माणसांसाठी. आपल्याला कोणती रेल्वे आठवायची आहे आणि कोणती विसरायची आहे, हे घरातल्या फळीवर लावलेल्या डब्यांवरून कळतं.

आधी हिशेब. एचओ प्रमाण म्हणजे खऱ्याचा ८७ वा हिस्सा. आपला जुना आयसीएफ डबा २१.३ मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर. नवा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, तो २७ सेंटीमीटर भरतो. आता आठ बाय चार फुटांची प्लायवुडची फळी घ्या. दोन्ही टोकांना ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण टाकलं की मध्ये सरळ रूळ उरतो जेमतेम दीड मीटर. त्यात वीस सेंटीमीटर इंजिनाचे. उरलेल्या जागेत आयसीएफचे पाच डबे फलाटाला लागतात, सहावा वळणात जातो. एलएचबी असतील तर चारच. खऱ्या मेल गाडीचे वीसेक डबे तुम्हाला पाचात बसवायचे आहेत. कोणाला तरी उतरवावं लागतं.

आणि उतरतो तो जनरलचा डबा. मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती गाड्यांत दोन एसी, एक पॅन्ट्री, एखादा स्लीपर. राजधानी तर हमखास. कारण विचारलं तर म्हणतात, जनरल दिसायला काही खास नाही. काही जण म्हणतात, आम्हाला हुबेहूब गाडी हवी. हुबेहूबचं काय घेऊन बसलात! एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो आणि तो युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाचं रूप आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतील. म्हणजे आपला ऐसपैस डबा अरुंद रुळावर उभा, थोरल्याने धाकट्याच्या चपला घातल्यासारखा. ते आपण मुकाट्याने चालवून घेतो. नव्वद माणसांचा जनरल मात्र चालत नाही.

सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी गाडी म्हणजे दख्खनची राणी. १ जून १९३० ला सुरू झाली. सात डब्यांचे दोन रेक, एक रुपेरी आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनलेले आणि वरची बांधणी माटुंग्याच्या वर्कशॉपमधली. मॉडेल करायला याहून देखणी गाडी मिळणार नाही, सात डब्यांची म्हणून फळीलाही त्यातल्या त्यात सोयीची. पण तिला पहिला आणि दुसरा, असे दोनच वर्ग होते. तिसरा वर्ग तिला जोडला गेला १९५५ मध्ये. पंचवीस वर्षं माटुंग्याच्या कामगाराला स्वतः घडवलेल्या डब्यात तिकिटाच्या वर्गामुळे जागा नव्हती. कोणी १९३० चा रेक बनवला तर मी कौतुकच करीन. मात्र शेजारच्या रुळावर तिसऱ्या वर्गाची एक पॅसेंजर उभी करा, एवढंच म्हणणं.

त्या काळाचं स्टेशन उभं करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. फलाटावर बाकं, घड्याळ, हमाल, चहाचा गाडा असं सगळं हौसेने लावलं जातं. पण तेव्हा फलाटावर 'हिंदू पानी', 'मुसलमान पानी' अशा हाका होत्या आणि पाण्याची व्यवस्था वेगवेगळी होती. दोन माठ आणि दोन पाट्या, माचिसच्या काडीएवढं काम. मी एका ओळखीच्याला हे सुचवलं तर तो म्हणाला, "सर, खेळात राजकारण कशाला आणता?" मी काहीच आणत नाही. ते तिथे होतं, काढून टाकलंय ते आपण. काढल्यावर उरतं ते स्टेशन सुंदर दिसतं, त्यावर ऊरही भरून येतो, पण तिथे आपल्या आजोबांना तहान लागलेली नसते.

माणसांचं कामही असंच. १:८७ मध्ये माणूस दोन सेंटीमीटरहून थोडा कमी भरतो. तयार मिळतात ती परदेशी, ओव्हरकोट आणि हॅटवाली. टिश्यू पेपर गोंदात भिजवून साडी नेसवता येते, हॅट घासून टोपी करता येते, ओव्हरकोट रंगवला की शेरवानी. सगळ्यांत सोपं काम बुरख्याचं आहे. युरोपातल्या संचात नन असतात, थोडा काळा रंग पुरतो. (दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंना हे कळवू नये.) अम्मीने चष्मा लावून माझा रेक न्याहाळला आणि पहिला प्रश्न केला, "इसमें जनाना डिब्बा कौन्सा है?" इंजिन कोणतं, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

जनरल लावायचा तर वजनाचं बघा. मेल गाडीत तो बहुधा दोन्ही टोकांना असतो. इंजिनाला लागून असलेल्या डब्यावर मागच्या सगळ्या गाडीची ओढ येते आणि तो हलका असेल तर वळणावर आतल्या बाजूला कलंडतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा ठोकताळा आहे: सुरुवातीला २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. साडेचोवीस सेंटीमीटरच्या डब्याला साधारण १६५ ग्रॅम होतात. प्लास्टिकचा नुसता डबा तेवढा नसतो, म्हणून तळाशी लोखंडी पट्ट्या चिकटवायच्या. वजन जितकं खाली तितकं चांगलं. चाकं धातूची घ्या, प्लास्टिकची रुळावर मळ धरतात.

माझे पाच असे: इंजिनाला लागून जनरल, मग दोन स्लीपर, एक थ्री टियर एसी आणि शेवटी गार्डचा डबा, ज्यात सामानाबरोबर थोडी बिनआरक्षणाची बाकंही असतात. पॅन्ट्री उतरली. खाणं लोकांनी घरून बांधून आणलंय.