मुद्दल जपणारी झाडे

ऑक्टोबरात पॅलेस्टाईनच्या टेकड्यांवर पावसाची पहिली सर येऊन गेली, की गावोगावचे शेतकरी ऑलिव्हच्या तोडणीला लागतात. उन्हाळ्याची धूळ पानांवरून धुऊन निघते आणि फळ भरते. त्यानंतरचे काही आठवडे सारे घर मळ्यातच असते. थोरली मंडळी हाताने फळे उतरवतात, मुले झाडाखाली अंथरलेल्या कापडावरून ती गोळा करतात, शहरात नोकरी करणारा मुलगा रजा काढून येतो. ज्याची तोडणी आधी आटोपते, तो शेजाऱ्याच्या मळ्यात जातो. या रिवाजाला तेथे ‘औना’ म्हणतात. मराठी शेतकऱ्याच्या इर्जिकीचेच हे दूरचे रूप.

वेस्ट बँक आणि गाझा मिळून अशी सुमारे १ कोटी झाडे होती. ८० हजार ते १ लाख कुटुंबांची मिळकत त्यांच्याशी जोडलेली आहे. ही शेती बहुतांशी पावसाच्या भरवशाची. झाडाचा स्वभाव असा, की एक वर्ष ते भरभरून देते आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेते. म्हणून जाणते कुटुंब सुकाळाच्या वर्षीचे तेल डब्यांत राखून ठेवते. मुलाचे शुल्क, मुलीचे लग्न, अचानक आलेले आजारपण, सारे त्यातून भागते. उरलेले तेल रोज सकाळी भाकरी आणि ‘झातर’ या सुक्या मसाल्यासोबत पानात येते. नाब्लुस शहरात त्याचा साबण होतो. त्या कलेची युनेस्कोने २०२४ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. छाटलेल्या लाकडावर बेथलेहेमचे कारागीर कोरीवकाम करतात, तर घाण्यातील चोथाही चुलीत सरपण म्हणून जातो. टाकून द्यावे असे या झाडात काहीच नाही.

व्यापारी मनाला ही भाषा चटकन समजेल: झाड हे मुद्दल, तेल हे व्याज. मात्र हे मुद्दल गुंतवणाऱ्याला त्याचे पूर्ण फळ क्वचितच दिसते. आजोबांनी लावलेले नातवाने खावे आणि नातवाने पुढच्यांसाठी लावावे, असाच तेथील व्यवहार. बेथलेहेमजवळच्या अल-वलजा गावातील एक झाड तर काही हजार वर्षांचे मानले जाते. त्याच परिसरातील बत्तीर गावच्या दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीला २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. कवी महमूद दरविश यांच्या १९६४ च्या संग्रहाच्या नावातही ऑलिव्हचीच पाने आहेत.

परंतु या झाडाला आणखी एक अर्थ आहे, तो जमिनीच्या कागदांतला. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यानुसार सलग कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसे. सलग तीन वर्षे पडीक राहिलेली जमीन सरकारजमा होऊ शके. १९७९ नंतर इस्रायली प्रशासनाने याच कायद्याच्या आधारे वेस्ट बँकेतील पुष्कळ जमीन सरकारी ठरवली. अनेक कुटुंबांकडे नोंदणीचा पक्का दस्त नव्हता. त्यांच्यासाठी कसलेले झाड हाच ताब्याचा पुरावा. म्हणूनच झाड तोडले जाते, तेव्हा केवळ उत्पन्न बुडत नाही. खतावणीचे पानच फाटते.

२००२ पासून उभारलेल्या विभाजक भिंतीपलीकडे ज्यांचे मळे गेले, त्यांना स्वतःच्या झाडापाशी जाण्यासाठी परवाना लागतो, आणि बरीचशी फाटके वर्षातील मोजकेच दिवस उघडतात. वसाहतवाल्यांकडून झाडे तोडण्याच्या, जाळण्याच्या घटना दर हंगामात घडतात. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये शेतकऱ्यांचे आणि त्यांच्या झाडांचे रक्षण करणे हे सैन्याचे कर्तव्य ठरवले. काही ज्यू धर्मगुरू आणि इस्रायली नागरिक तोडणीच्या काळात शेतकऱ्यांसोबत मळ्यात उभे राहतात, हीही नोंद जमेच्या बाजूला हवी. तरीही २०२३ च्या युद्धारंभानंतर वेस्ट बँकेतील पुष्कळ फळ झाडावरच राहिले, आणि गाझातील बहुतांश फळबागा उद्ध्वस्त झाल्या.

घर पुन्हा बांधता येते; त्याला पैसा आणि वर्ष-दोन वर्षे लागतात. शंभर वर्षांच्या झाडाची भरपाई कोणत्याही रकमेने होत नाही, तिला शंभरच वर्षे लागतात. हे ठाऊक असूनही शेतकरी जळालेल्या झाडाच्या शेजारी खड्डा खणतो आणि हातभर उंचीचे रोप लावतो. त्या रोपाचे पूर्ण फळ त्याच्या हयातीच्या हिशेबात नाही. तो हिशेब त्याने नातवाच्या नावे लिहिलेला आहे.