गटारात काय सोडता येतं आणि काय नाही? वाशिमसारख्या शहरांत नियम जास्त कडक का ठरतात?

हॉटेलमधलं जळकं तेल, गॅरेजमधलं ऑइल, वॉशिंग सेंटरचं फेसाळ पाणी, दवाखान्यातलं औषधी पाणी, गोठ्यातलं शेण. हे सगळं कुठे जातं? वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव किंवा मानोरा, कुठेही विचारलं तरी उत्तर बहुधा एकच मिळेल: समोरच्या नालीत.

'नाली तर घाण पाण्यासाठीच असते, मग त्यात काय टाकलं यानं काय फरक पडतो?' असा अनेकांचा समज आहे. कायदा मात्र तसं म्हणत नाही. आणि ज्या शहरात नालीचं पाणी शुद्धीकरण केंद्रात न जाता थेट नाल्याला मिळतं, तिथे काही नियम मोठ्या शहरांपेक्षाही कडक होतात. ते कसं, हे समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

जलप्रदूषण रोखण्याचा केंद्रीय कायदा १९७४ चा आहे. त्याच्या कलम २४ नुसार विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून नदी-नाल्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडायला मनाई आहे. म्हणजे या कायद्याच्या नजरेत नदी आणि गटार एकाच यादीत आहेत. कलम २५ नुसार सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते.

घनकचऱ्याचे नियम सामान्य नागरिकाला लागू होतात. घरातला किंवा दुकानातला कचरा रस्त्यावर, नालीत किंवा जलाशयात टाकता येत नाही, असं ते स्पष्ट सांगतात. बांधकामाची रेती आणि मलबा यांनी नाली तुंबू नये, ही जबाबदारी बांधकाम कचरा नियमांनी बांधकाम करणाऱ्यावर टाकली आहे.

सांडपाणी किती घाण असलं तर चालतं?

पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये याचं कोष्टक आहे. त्यात सांडपाणी कुठे सोडलं जातंय, त्यानुसार वेगवेगळ्या मर्यादा आहेत. दोन रकाने शेजारी ठेवून पाहा (आकडे प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये):

- जैविक ऑक्सिजन मागणी (बीओडी): सार्वजनिक गटारासाठी ३५०, नदी-नाल्यासाठी ३०
- तरंगणारे घन कण: गटारासाठी ६००, नदी-नाल्यासाठी १००
- तेल आणि ग्रीस: गटारासाठी २०, नदी-नाल्यासाठी १०
- सामू (पीएच): दोन्हींसाठी ५.५ ते ९

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. हा आकडा जितका मोठा, तितका पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि मासे गुदमरतात.

एक उदाहरण घेऊ. दुधाची बीओडी प्रतिलिटर सुमारे १ लाख मिलिग्रॅम असते, तर घरगुती सांडपाण्याची साधारण २५०. म्हणजे नासलेलं १ लिटर दूध नालीत ओतणं हे सुमारे ४०० लिटर घरगुती सांडपाणी ओतण्यासारखं आहे. 'दूधच तर आहे, विष थोडंच आहे' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

गटाराला एवढी सूट का?

गटारातलं पाणी पुढे शुद्धीकरण केंद्रात जाईल, हे त्यामागचं गृहीतक आहे. ३५० ची बीओडी ३० पर्यंत आणण्याचं काम ते केंद्र करतं. पण गटार कुठल्याच केंद्रात न जाता ओढ्याला मिळत असेल, तर ही सूट कशाच्या जोरावर द्यायची?

रुग्णालयांबाबत याचं उत्तर नियमातच आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार, ज्या रुग्णालयाचं पाणी शेवटी शुद्धीकरण केंद्र नसलेल्या गटारात जातं किंवा जे गटाराला जोडलेलंच नाही, त्याला नदी-नाल्याच्या तोडीच्या मर्यादा लागू होतात: बीओडी ३०, घन कण १००, तेल १०. शिवाय, ते पाणी जसंच्या तसं घेऊन त्यात मासे ९६ तास ठेवले, तर त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत. १० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांनाही ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत या मर्यादा पाळण्याची मुदत देण्यात आली होती.

थोडक्यात, शहरात शुद्धीकरण केंद्र नसणं ही रुग्णालयासाठी सबब ठरत नाही. उलट त्याची जबाबदारी वाढते.

वाशिम जिल्ह्यासाठी हे महत्त्वाचं का?

हा जिल्हा नद्यांच्या वरच्या अंगाला आहे. काटेपूर्णा इथे उगम पावून उत्तरेला अकोल्याकडे जाते. तिच्यावरच्या महान इथल्या धरणातून अकोला शहराला पिण्याचं पाणी मिळतं. पैनगंगा, अडाण आणि अरुणावती यांचं पाणी वर्धा नदीमार्गे गोदावरी खोऱ्यात जातं. इथल्या नालीत सोडलेली घाण कुणाच्या तरी गावाच्या वरच्या बाजूलाच सोडलेली असते. उन्हाळ्यात ओढ्यांची धार आटली, की घाण पातळ करायला पाणीही उरत नाही.

तेल आणि सेप्टिक टँक

गरम तेल नालीत सहज वाहतं, पण थंड झाल्यावर थिजतं आणि प्लास्टिक, केस, कापड यांना धरून बसतं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये भुयारी गटारात चरबीचा असाच २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. आपल्याकडे हेच तुंबारे पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावर दिसतात.

दुसरा प्रश्न सेप्टिक टँकचा. शोषखड्डा न करता टाकीचं पाणी सरळ नालीत सोडायचं आणि टाकी वर्षानुवर्षं उपसायचीच नाही, ही अनेक शहरांतली पद्धत आहे. स्वच्छ भारत अभियानातल्या 'ओडीएफ प्लस प्लस' दर्जाची अट मात्र अशी, की मैला किंवा मैलापाणी प्रक्रिया न करता नाल्यात, जलाशयात किंवा उघड्यावर जाता कामा नये. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या शहरांनी ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. भुयारी गटार नसलेल्या छोट्या शहरालाही ते जमतं, हे त्यातून दिसलं.

याची किंमत कोण मोजतं?

तुंबलेलं गटार शेवटी माणूसच साफ करतो. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याचं प्रमाण वाढलं, की नाकाला वास येणंच बंद होतं आणि काही क्षणांत माणूस बेशुद्ध पडतो. त्यात कुणी आम्ल ओतलेलं असेल, तर धोका आणखी वाढतो.

सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. खासगी घरमालकालाही ही बंदी लागू आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

तुम्ही काय करू शकता?

- जळकं तेल बाटलीत साठवा. तेलकट भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा.
- उरलेली औषधं, रंग, थिनर, आम्ल आणि कीटकनाशकं नालीत ओतू नका. घरातला घातक कचरा वेगळा ठेवून द्या.
- सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्या. त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४२० आहे.
- नालीत रसायन किंवा ऑइल दिसलं, तर तारीख आणि ठिकाण लिहून फोटोसह नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. रुग्णालय किंवा उद्योग असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळालाही कळवा. वाशिम जिल्हा मंडळाच्या अमरावती विभागात येतो.
- माहिती अधिकारात एक साधा प्रश्न विचारा: आमच्या प्रभागातल्या नालीचं पाणी शेवटी कुठे जातं, आणि तिथे त्यावर कोणती प्रक्रिया होते?

या प्रश्नाचं उत्तर 'नाल्यात' असं आलं, तर गटारासाठीची सूट आपल्या शहरात फक्त कागदावर आहे, हे समजून घ्या. मग शुद्धीकरण केंद्र कधी होणार, हा पुढचा प्रश्न नगरपरिषदेला विचारायला हवा. आणि ते होईपर्यंत नालीत काय जातं, हे ज्याच्या त्याच्या मोरीपाशीच ठरणार आहे.