द्राक्षाचा रस म्हणे!



गेल्या आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरत आली. ‘घरी आणायला चांगल्या आणि स्वस्त वाईन, सगळ्या आठशेच्या आत.’ कोणती पनीरबरोबर छान लागते, कोणती थंड करून घ्यायची, उघडलेली बाटली किती दिवस टिकते, सगळं नीट लिहिलेलं. आदल्याच दिवशी त्या ग्रुपवर अष्टमीच्या एकाशनाचे निरोप होते. यादीखाली अकरा अंगठे आणि बदाम पडले. ‘हे आपल्यात चालत नाही’ असं एकीनेही लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. त्याची टोचणी लागली म्हणून आज लिहिते आहे.

आधी माझंच सांगते, म्हणजे ‘मोठी शहाणी’ असं कोणी म्हणायला नको. काही वर्षांपूर्वी पुण्याला धाकट्या दिरांच्या घरी वास्तुशांत होती. रात्री पाहुणे पांगल्यावर ग्लास आले. जाऊबाई म्हणाल्या, “घ्या हो ताई, द्राक्षाचाच रस आहे.” मी अर्धा ग्लास घेतला. चव वाईट नव्हती. पण मी चवीसाठी घेतलाच नव्हता. ‘सांगलीची गावंढळ’ म्हणतील, या भीतीने घेतला. घरी आल्यावर देवळात उभी राहिले आणि प्रायश्चित्त घेतलं. तेव्हापासून ‘द्राक्षाचा रस’ हा शब्द ऐकला की मला राग येतो, कारण त्या एका शब्दाने मला फसवलं.

माझं माहेर द्राक्षबागायतदारांचं. द्राक्षाचा रस म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. रस काढून ठेवला आणि त्यात यीस्ट वाढलं, की ते साखर खातं आणि तिची दारू करतं. कोट्यवधी सूक्ष्म जीव त्यात जन्मतात, मरतात आणि तळाशी गाळ होऊन बसतात. हे विज्ञानाचं पुस्तक सांगतं. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त हजार वर्षांपूर्वी हेच सांगितलं, की मद्य हे रसात उपजणाऱ्या अनेक जीवांचं जन्मस्थान आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी रात्रभर आंबवलेल्या पिठाची इडली खात नाहीत, कालचं दही वापरत नाहीत. मग महिनोन्‌महिने आंबवलेला रस कोणत्या हिशोबाने चालतो?

आता हिशोबच करू. वाईनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीच्या एका ग्लासात ते होतं साडेएकोणीस मिली. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये होतं सुमारे तेरा मिली. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड पेग झाला, आणि ७५० मिलीची एक बाटली म्हणजे साडेसात पेग. नवऱ्याने घरात दीड पेग व्हिस्की घेतली तर आपण चार दिवस अबोला धरतो. तीच दारू उंच दांड्याच्या ग्लासात आली की आपण फोटो काढतो.

दुसरं, आपण बिस्किटाचा पुडासुद्धा हिरवा ठिपका बघून घेतो. वाईनच्या बाटलीवर तो शोधून बघा. मद्याला तो ठिपका लावण्याची सक्तीच नाही. वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, माशांच्या आतल्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास असलं काहीबाही वापरतात. काही जण बेंटोनाइट नावाची मातीही वापरतात. आठशेच्या आतल्या कोणत्या बाटलीत काय वापरलं, हे त्या यादीत होतं का? आणि उद्या कोणी ‘व्हेगन’ लिहिलेली बाटली आणली, तरी रसातले जीव आणि डोक्यात चढणारी नशा कुठे जाणार?

तिसरं, ‘हृदयाला चांगली असते.’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय! जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. त्यांच्याच कर्करोग संस्थेने १९८८ साली मद्याला कर्करोगकारक ठरवलंय. आपण बायकांनी तर जास्त सावध राहावं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका रोजच्या थोड्या मद्यानेही वाढतो. हृदयासाठी काही करायचंच तर सकाळी देवळात चालत जा.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त लागतं, ते म्हणजे ‘शेतकऱ्याला चार पैसे मिळतात.’ जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही हेच कारण पुढे केलं होतं. आता शेतकऱ्याच्या लेकीचं ऐका. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाईन पार्क झाले. पुढे २००९ च्या आसपास मंदी आली, कारखान्यांनी माल उचलणं कमी केलं आणि वाईनच्या जाती लावलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी बागा उपटून टाकल्या. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं आणि जाड सालीचं. कारखान्याने घेतलं नाही, तर बाजारात त्याला कोण विचारतो? आमच्या आण्णांनी थॉमसन आणि सोनाकाच ठेवली. माल खायला गेला, उरला त्याचा बेदाणा झाला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. शेतकऱ्याचा एवढाच पुळका असेल तर महिन्याला दोन किलो बेदाणा घ्या. लाडवात घाला, मुलांच्या डब्यात द्या. त्यातून कोणाचा तोल जात नाही.

उरतं शेवटचं, ‘बाहेर जाऊन पिण्यापेक्षा घरी आपल्या नजरेसमोर घेतलेली बरी.’ मैत्रिणींनो, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, कारण आपल्याला रात्री दार उघडून वाट बघायचा कंटाळा आलाय. आपल्या समाजातले पुरुष घेत नाहीत, असं नाटक मी करणार नाही. लग्नाच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कोणत्या खोलीत काय चालतं, हे आपल्याला ठाऊक असतं, आणि आपण मेंदीचे हात पुढे करून बसतो. पण बाहेरची वाईट गोष्ट घरात आणली म्हणून ती चांगली होत नाही. उलट बाहेर निदान लाज असते. घरात ती फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी येऊन बसते. आणि स्वस्त आहे, म्हणून रोज बसते. ‘चांगली आणि स्वस्त’ या दोन शब्दांची मला भीती वाटते ती याचसाठी. महागडी वस्तू सणाला येते. स्वस्त वस्तू वाणसामानाच्या यादीत जाते.

आणि ती कोण बघतं, तेही ऐका. मी रविवारी पाठशाळा घेते. आठ मूलगुण शिकवताना आपण मद्य, मांस, मधु यांचा त्याग सांगतो. मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. परवा एका मुलीने हात वर केला. “बाई, वाईन मद्यात येते का?” मी म्हटलं, “का गं?” ती म्हणाली, “पप्पा म्हणतात, ती दारू नाही, ज्यूस आहे. मग मला का देत नाहीत?”

ती कोणाची, ते सांगणार नाही आणि विचारूही नका. पण तिच्या प्रश्नाला तुमच्या यादीत उत्तर आहे का? ज्यूस असेल तर लेकराला द्या. देता येत नसेल तर ज्यूस म्हणू नका.

मी कोणाच्या घरात डोकावणार नाही. ज्यांना प्यायची ते पितील, त्यांचं कर्म त्यांच्यापाशी. माझं म्हणणं आपल्या बायकांपुरतं आहे. पाणी गाळून घ्यायचा, सूर्यास्ताआधी ताटं वाढायचा नेम आपल्या घरांत टिकला, तो आपल्या आज्यांनी चूल सांभाळली म्हणून. त्यांनी कोणाशी भांडण केलं नाही. जे चालत नाही, ते आणलं नाही आणि आणू दिलं नाही. सुनेने आणलं तर तिला चारचौघांत बोलू नका. जवळ बसवून सांगा, हिशोब दाखवा. आग्रह झाला तर हसून म्हणा, “आम्ही घेत नाही.” पाचच सेकंद अवघड जातात. मला तेवढे पाच सेकंद निभावता आले नाहीत, म्हणून सांगते.

मुलीला मी उत्तर दिलंय. “येते बाळा, वाईन मद्यातच येते.” ती पुढे काही बोलली नाही, वहीत लिहून घेतलं तिने. आज हेच वाक्य मी ग्रुपवर त्या यादीखालीही टाकते आहे. अंगठा नाही दिलात तरी चालेल.

जय जिनेंद्र.