मक्याच्या देशांतील जत्रा

उत्सव म्हटला कीं तिथि आली, तिथि म्हटली कीं पंचांग आलें, आणि पंचांग म्हटलें कीं आम्ही चष्मा शोधूं लागलों, ही आमच्या घरांतील नित्याची गोष्ट. २०२३ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत, एम्स गांवीं, चिरंजीवांकडे सहा महिने राहावयास जाण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं सामानांत पहिल्यानें पंचांगच घातलें. त्या वर्षीं श्रावण अधिक होता. जुलईच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा तो मास परदेशीं कसा पाळावा, याची सौभाग्यवतींस चिंता होती. तेथें गेल्यावर कळलें कीं त्या प्रांतांत उत्सवास चंद्राची गरज नाहीं, वाराची आहे. जुलईचा शेवटचा पूर्ण आठवडा, मे महिन्याच्या आरंभीचे गुरुवार-शुक्रवार-शनिवार, अशा भाषेंत तेथील मेळे ठरतात. कारण उघड आहे. ज्यास सोमवारीं कामावर जावयाचें आहे त्यास चंद्र रजा देत नाहीं.

परंतु फुलें वार जाणत नाहींत. पेला नांवाचें एक गांव १८४७ सालीं हेंड्रिक स्कोल्टे या धर्मोपदेशकाच्या मागून आलेल्या हॉलंडमधील लोकांनीं वसविलें. तेथें १९३५ पासून ट्यूलिपांचा उत्सव होतो. त्याचा उगम शाळेंतील एका संगीतिकेंत आहे, हें ऐकून आमच्यांतील मास्तर सुखावला. पहिल्या वर्षीं गांवांत ट्यूलिप फारसे नव्हतेच. म्हणून सुतारकाम करणाऱ्या एका गृहस्थाकडून लाकडाचे मोठाले ट्यूलिप करवून ते रस्त्यांवर रोविले गेले! पुढें कंद लाविले गेले आणि खरीं फुलें आलीं. तरी अजूनही वसंत लौकर तापला तर उत्सवापूर्वींच पाकळ्या गळतात आणि पाहुण्यांस नुसते दांडे पाहून परतावें लागतें. उत्सवांत मिरवणुकीपूर्वीं नगराध्यक्ष रस्त्याची पाहणी करतात, तो अस्वच्छ असल्याचें जाहीर करतात, आणि मग लाकडी पादत्राणें घातलेले स्त्रीपुरुष बादल्या व कुंचे घेऊन तो घासून काढतात. हें सारें नाटक आहे, असें आम्ही प्रथम कांहींशा तुच्छतेनें म्हणालों. सूनबाई हंसून म्हणाल्या, "बाबा, आपण गुढीला साडी नेसवतों, तें काय?" आम्ही गप्प राहिलों.

जुलईंतील सायकलस्वारांची यात्रा मात्र पाहतांक्षणींच मनांत भरली. पश्चिमेस मिसूरी व पूर्वेस मिसिसिपी या दोन नद्यांच्या मध्यें हें राज्य आहे. १९७३ सालीं डी मॉइन येथील वृत्तपत्राच्या दोन लेखकांनीं, जॉन कॅरस आणि डॉनल्ड कॉल यांनीं, सायकलीवरून राज्य ओलांडण्याचें ठरविलें आणि वाचकांस बरोबर बोलाविलें. त्या पहिल्या वर्षीं क्लॅरेन्स पिकार्ड नांवाचे ८३ वर्षांचे गृहस्थ बायकी सायकल घेऊन आले आणि शेवटपर्यंत गेले. आतां सहस्रावधि लोक सात दिवस चालविलेल्या चाकांवर असतात. निघतांना मागचें चाक मिसूरींत आणि पोंचल्यावर पुढचें चाक मिसिसिपींत बुडवावयाचें, हा विधि. २०२३ ची यात्रा पन्नासावी होती व तिचा एक मुक्काम एम्स येथेंच पडला. अंगणांत, मैदानांत तंबू लागले. वाटेवरच्या गांवांतून चर्चमधील बायका फळांचें सारण भरलेले 'पाय' विकीत बसतात. (पदार्थाचें हें नांव आमच्या कानास शेवटपर्यंत चमत्कारिक लागलें.) आमची आषाढी त्या वर्षीं २९ जूनलाच होऊन गेली होती आणि वारी चुकल्याची चुटपुट मनांत होती. या लोकांच्या यात्रेस दैवत नाहीं, हें खरें. पण दमलेल्या परक्या माणसास पाण्याचा पेला देणाऱ्या हातांत आम्हांस फरक दिसला नाहीं. तुकोबांचे अभंग इंग्रजींत नेणारे दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळांत याच राज्यांतील विद्यापीठाच्या लेखक-उपक्रमांत आयोवा सिटी येथें राहिले होते, हें आम्हांस मागाहून आठवलें.

ऑगस्टमध्यें राज्याचा मोठा मेळा असतो. तो १८५४ सालीं फेअरफील्ड येथें प्रथम भरला आणि १८८६ पासून डी मॉइनच्या सध्यांच्या जागेवर अकरा दिवस भरतो; दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत व २०२० च्या साथींत खंड पडला. दहा लक्षांवर माणसें येतात. तेथें एक लोण्याची गाय असते! १९११ पासूनची ही परंपरा. लांकूड व तारा यांच्या सांगाड्यावर सुमारें ६०० पौंड लोणी थापून, थंड कांचघरांत, पूर्ण आकाराची गाय घडवितात. १९६० पासून २००५ पर्यंत नॉर्मा लायन या एकाच बाईंनीं ती दर वर्षीं घडविली. तें लोणी नंतर खातात काय, हा सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न. खात नाहींत, राखून ठेवून अनेक वर्षें त्याच कामास वापरतात.

त्याच महिन्यांत टामा येथें मेस्क्वाकी लोकांचा नृत्यमेळा होतो. त्याविषयीं लिहिल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मक्याच्या पिकाचा एवढा गौरव जेथें चालतो ती भूमि मुळांत या व अशाच लोकांची. सरकारनें त्यांस कॅन्ससकडे लोटलें. पण त्यांतील कांहीं परतले, आणि १८५७ सालीं त्यांनीं रोख पैसे मोजून ८० एकर जमीन विकत घेतली. आपलीच जमीन! म्हणून त्यांच्या वस्तीस सरकारनें राखून दिलेला प्रदेश म्हणत नाहींत, वसाहत म्हणतात. ढोलाभोवतीं नाचणारीं लहान मुलें पाहतांना आम्हांस लोण्याची गाय कांहीं वेळ विसरावीशी वाटली.

आतां जें मनांत अजून घोळत आहे तें सांगतों. मोठ्या मेळ्यापूर्वीं प्रत्येक काउंटीचा लहान मेळा असतो. अशाच एका मेळ्यांत सूनबाईंनीं लिंबाचें लोणचें स्पर्धेंत ठेविलें. बक्षीस आलें नाहीं. परीक्षकांच्या चिठ्ठींत 'मीठ फार' असा शेरा मात्र आला. तो सौभाग्यवतींस त्यांच्या सासूबाईंपर्यंत पोंचणारा अपमान वाटला. या गडबडींत आमचा अकरा वर्षांचा नातू मेंढ्यांच्या गोठ्यांत शिरला होता. तेथें 'फोर एच' या मुलांच्या संस्थेचे सभासद आपापलीं जनावरें घेऊन बसलेले. या चळवळीच्या मुळाशीं याच राज्यांतील पेज काउंटीच्या जेसी फील्ड या शिक्षिका होत्या. डोकें, हृदय, हात आणि आरोग्य या चारांस इंग्रजींत जीं नांवें आहेत त्यांचीं आद्याक्षरें म्हणजे हें नांव. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी गवताच्या पेंढीवर, आपल्या मेंढ्याच्या मानेखालीं हात घालून झोंपली होती. तिनें त्यास चाऱ्यापासून आंघोळीपर्यंत स्वतः सांभाळिलें होतें. दुसऱ्या दिवशीं त्याचा लिलाव झाला. किंमत चांगली आली. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. आणि ती मुलगी मोकळी दोरी हातांत धरून गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आजोबा, तिला तो आवडत होता ना? मग तिनं विकला कशाला?"

पस्तीस वर्षें मुलांचे प्रश्न झेलण्यांत गेलीं; त्या दिवशीं मात्र आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. हा क्रूरपणा आहे, असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें. पण आम्ही दूध पितों आणि दूध न देणाऱ्या गोऱ्ह्याचें पुढें काय झालें हें गवळ्यास कधीं विचारीत नाहीं. त्या मुलीनें निदान तें डोळ्यांनीं पाहिलें. आम्हीं नातवास एवढेंच सांगितलें, "आम्हांस ठाऊक नाहीं." त्याचें त्यास फार आश्चर्य वाटलें.

ऑक्टोबरांत डी मॉइन येथें जागतिक अन्न पुरस्काराचा समारंभ होतो. आयोवांतच जन्मलेल्या नॉर्मन बोरलॉग यांनीं हा पुरस्कार स्थापिला. पहिला १९८७ सालीं डॉ. स्वामिनाथन यांस मिळाला आणि १९९८ सालीं आपल्या जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांस, बियाण्यांच्या कार्याबद्दल. तो दिवस येईपर्यंत शेतांतून मका वाळून उभा राहिला होता, आणि आमची बांधाबांध चालली होती.

परत आल्यावर चार महिन्यांनीं नातवाचा दूरध्वनि आला. तो त्या संस्थेचा सभासद झाला आहे. त्यानें दोन कोंबड्या पाळिल्या आहेत. त्या मेळ्यांत नेणार, पण विकणार नाहीं, असें म्हणतो. अंड्यांचें काय करावयाचें याविषयीं सूनबाईंचा निर्णय अजून झालेला नाहीं. त्यांची नांवें काय ठेवावींत, तें त्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं गार्गी आणि मैत्रेयी अशीं सुचविलीं.