कलावंतांच्या दप्तराला वारस हवा

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर १९६१ सालापासून उभा असलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहिला नाही असा मराठी माणूस विरळाच. परंतु तो घडविणारे शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे हे आमच्या कल्याणचे, आणि त्यांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे, ही गोष्ट आंबिवली, शहाड, टिटवाळा या स्थानकांवरून नित्य मुंबईस जाणाऱ्या सहस्रावधी प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावी. भाऊ साठे २०२१ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निवर्तले. ब्राँझ ऊनपावसाला पुरून उरते, त्यामुळे त्यांच्या शिल्पांची मला चिंता वाटत नाही. चिंता आहे ती अशा प्रत्येक शिल्पामागे आणि चित्रामागे साचत जाणाऱ्या कागदांची. कामाचे मागणीपत्र, पहिली कच्ची रेखाटने, समितीने सुचविलेल्या दुरुस्त्या, मातीच्या प्रतिकृतीची छायाचित्रे, ओतकामाचा जमाखर्च, सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रे, हे सारे दप्तर कलावंताच्या पश्चात कोणाच्या स्वाधीन व्हावे, या प्रश्नाला महाराष्ट्राजवळ आज उत्तर नाही.

कलाकृती आपल्याला काय घडले ते दाखविते; ते कसे घडले, कोणाच्या आश्रयाने घडले, आणि काय घडविण्याचे मनात असूनही राहून गेले, हे केवळ दप्तर सांगते. रावबहादूर धुरंधरांनी १८९० पासून १९३१ पर्यंतच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील आपल्या वास्तव्याचा वृत्तांत ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने १९४० साली ग्रंथबद्ध केला, म्हणून त्या संस्थेतील शिक्षक, विद्यार्थी आणि इंग्रज प्राचार्य आज आपल्याला हाडामांसाची माणसे म्हणून भेटतात. परंतु प्रत्येक चित्रकाराजवळ लेखणी असतेच असे नाही. वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा थोर चित्रकार मितभाषी होता. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरविले, तरी अशा कलावंताच्या विचारांचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला सुहृदांच्या आठवणी आणि विखुरलेले कागद यांवाचून दुसरा आधार नसतो. संस्थांचीही गोष्ट निराळी नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीपासून तालुक्याच्या गावी दरवर्षी प्रदर्शन भरविणाऱ्या छोट्या कलामंडळापर्यंत प्रत्येक संस्थेची इतिवृत्ते, वर्गणीच्या नोंदवह्या, परीक्षकांचे अभिप्राय, किमती छापलेल्या प्रदर्शनपुस्तिका आणि निमंत्रणपत्रिका एकत्र ठेवल्या, तर त्यांतून एका समाजाच्या अभिरुचीचा आणि अर्थव्यवहाराचा इतिहास उभा राहतो.

असे न केल्याचे परिणाम आपण भोगले आहेत. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांत ज्या लक्ष्मी-सरस्वती विराजमान झाल्या त्या तेथल्या दगडांवरून छापल्या गेल्या. १९७२ साली त्या कारखान्याला आग लागली आणि अवघ्या हिंदुस्थानची दृष्टी घडविणाऱ्या एका उद्योगाचा मोठा ठेवा भस्मसात झाला. त्याच्याही आधीचे उदाहरण घ्यावयाचे तर सवाई माधवरावांच्या अमदानीत, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली आणि तेथे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार तयार झाला. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने आणि पुण्यात काढलेली चित्रे पाहावयाची असतील तर आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जावे लागते. परक्यांनी ती जपली याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु आपल्या पहिल्या आधुनिक चित्रकारांपैकी एकाची ओळख करून घेण्यासाठी आपल्याला सातासमुद्रापार जावे लागावे, ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे.

वास्तविक कागद जपण्याची परंपरा महाराष्ट्राइतकी उज्ज्वल अन्यत्र क्वचितच असेल. इतिहासाचार्य राजवाडे घरोघर, मठामठांतून आणि वाड्यावाड्यांतून हिंडले, आणि १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील रुमाल सोडून पंचेचाळीस खंडांची निवड सिद्ध केली. राजवाड्यांनी कागद उचलताना तो सरदाराचा आहे की कुळकर्ण्याचा, हे पाहिले नाही. सामान्य कुटुंबांचे हिशेब आणि महजर यांतूनच पुढे सामाजिक इतिहास लिहिला गेला. हीच दृष्टी आपण दृश्यकलेपर्यंत नेली नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादिलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रातील कलावंतांची सुसंगत माहिती मराठी वाचकाच्या हाती आली. परंतु कोश ज्या कागदांच्या आधारे लिहिला जातो त्या कागदांना अजूनही घर मिळालेले नाही.

हा प्रश्न आमच्या परिसरात आज निकडीचा का झाला आहे, ते सांगितले पाहिजे. मोहोने-आंबिवलीचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला आणि त्याच्या आधाराने दोन-तीन पिढ्या नांदलेली वसाहत हळूहळू ओस पडली. कल्याण-डोंबिवलीतील जुने वाडे आणि चाळी पाडून तेथे मनोरे उठत आहेत. घर बदलताना माणूस भांडी नेतो, देव नेतो; माळ्यावरची ट्रंक मात्र रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. त्यातून उल्हास आणि काळू या नद्यांच्या कुशीतील हा प्रदेश. २००५ आणि २०१९ या वर्षांच्या जुलै महिन्यांतील महापुरांनी येथील तळमजल्यांची काय अवस्था केली, ते आम्ही विसरलेलो नाही. आमच्या दमट हवेत वाळवी, कसर आणि टाचण्यांचा गंज यांना कागद फस्त करावयास पुरापर्यंत थांबावेही लागत नाही. ज्यांनी शाळाशाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना मुले बसवून त्यांना रेषेचे वळण दिले ते चित्रकला-शिक्षक, ज्यांनी दुकानांच्या पाट्या आणि उत्सवांचे देखावे रंगविले ते पेंटर, ज्यांच्या साच्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गणेशमूर्ती निघाल्या ते मूर्तिकार, यांपैकी बहुतेक आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या वह्या आणि त्यांच्या तोंडच्या हकिगती आताच गोळा केल्या नाहीत तर पुढे कितीही द्रव्य खर्चिले तरी त्या मिळणार नाहीत.

अन्य देशांत हे काम कसे चालते ते पाहणे बोधप्रद आहे. अमेरिकेत १९५४ साली डेट्रॉइटमध्ये ‘आर्काइव्हज ऑफ अमेरिकन आर्ट’ ही संस्था निघाली आणि चित्रकारांच्या रोजनिशा, पत्रे व मुलाखती हाच तिचा संग्रहविषय ठरला. तेथील मेक्सिकन वंशाच्या आणि अन्य लॅटिनो कलावंतांची उदाहरणे मला अधिक जवळची वाटतात, कारण त्यांची मंडळे श्रीमंत नव्हती. सान फ्रान्सिस्कोची ‘गॅलेरिया दे ला रासा’ किंवा लॉस एंजेलिसची ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ या वस्तीतल्या लोकांनी चालविलेल्या संस्था. त्यांची भित्तिपत्रके, छापचित्रे, पत्रव्यवहार आणि सभांची टिपणे सान्ता बार्बाराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या संग्रहात घेतली, आणि ज्यांच्याकडे प्रस्थापित संग्रहालयांनी दीर्घकाळ पाहिले नव्हते त्यांचा इतिहास अभ्यासकांस खुला झाला.

पाणी, रस्ते आणि रुग्णालये यांच्या अडचणी असताना नगरपालिकांनी जुन्या कागदांवर पैसा का खर्चावा, असा आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. परंतु येथे भव्य इमारत कोणी मागत नाही. वरच्या मजल्यावरची एक कोरडी खोली, लोखंडी कपाटे, आम्लरहित कागदाची वेष्टने आणि या कामाचे शिक्षण घेतलेला एक अभिलेखपाल एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. सर्व काही यंत्राने टिपून संगणकात ठेवले की झाले, असेही काही जण म्हणतील. ते अर्धसत्य आहे. प्रतिमा अवश्य घ्याव्यात, पण चित्र कोणाचे, केव्हाचे, छायाचित्रात उभी असलेली माणसे कोण, याची फेरिस्त नसेल तर ती प्रतिमा मुकी राहते. आणि संगणकाची तबकडी निकामी व्हावयास हातकागदाइतकी शतके लागत नाहीत.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. शासनाच्या २००५ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा रोख सरकारी दप्तरावर आहे. खाजगी कलादप्तरे स्वीकारणे, त्यांची यादी करणे आणि लहान संस्थांना अनुदान देणे यासाठी पुराभिलेख संचालनालयात स्वतंत्र तरतूद व्हावी. १८६४ सालचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्यासारख्या जुन्या, विश्वासपात्र संस्थांना महापालिकांनी जागा आणि सेवक देऊन या कामात सहभागी करून घ्यावे. बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ उभारून दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी एकट्याच्या निष्ठेने काय साध्य होते ते दाखवून दिलेच आहे. कुटुंबीयांच्या मनातील भीती लेखी दानपत्राने दूर करावी. कागद दिले म्हणून स्वामित्वहक्क जात नाही, तो कायद्याने कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहू शकतो. आणि खाजगी पत्रे ठरावीक काळपर्यंत बंद ठेवण्याची अट घालण्यास काहीच प्रत्यवाय नसावा.

शासनाचा हुकूम निघेल तेव्हा निघेल. वाचकाला मात्र आजच करण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या घरी कोणी चित्रकार, मूर्तिकार, छायाचित्रकार किंवा चित्रकलेचे गुरुजी होऊन गेले असतील, तर त्यांचे कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहू द्यावेत, गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच ठेवावेत, आणि जवळच्या वाचनालयाला त्यांची यादी कळवावी. रद्दीचे चार पैसे कोणाचाही संसार तारणार नाहीत. त्या ट्रंकेतून गेलेला इतिहास मात्र कोणत्याही किमतीला परत विकत घेता येणार नाही.