फरशी किती जाड घ्यावी?

गेल्या रविवारी सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याला पुण्यात नोकरी लागली, आता घर नव्याने करायचे चालले आहे. तो म्हणाला, "मामा, पुढच्या खोलीत लाकडी फरशी घालू. 14 एमएम घ्यावी की 18?" बहीण म्हणाली, "दादा, तूच सांग बाबा याला."

मी विचारले, त्या 14 मध्ये वरचे खरे लाकूड किती? ते दुकानदाराने सांगितलेच नव्हते. या फरशीला खाली प्लायवूडसारखे थर असतात, वर अस्सल लाकडाचा साधारण 2 ते 6 मिलिमीटरचा पापुद्रा. घासून नवी करायची ती या पापुद्र्यावरच. तो पातळ असेल तर एकूण जाडी घेऊन काय करायचे? शिवाय घर कृष्णाकाठी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. भिजलेले लाकूड फुगतेच. भाचा गप्प झाला.

आपण बहुतेक जण टाइल किंवा शहाबादी घेतो. तिथेही हाच घोळ. व्हिट्रिफाइड टाइल 8 ते 10 मिलिमीटर असते. दुकानात फुटका तुकडा मागा आणि कड बघा. रंग आरपार आहे, की वर दोन-तीन मिलिमीटरच, की नुसती छपाई? छपाईची टाइल उंबऱ्यापाशी आधी झिजते. शहाबादी मात्र पुन्हा घासता येते, पॉलिश करता येते. फक्त हाताने फोडलेली असेल तर एका कडेला 8 सूत, दुसऱ्या कडेला 12. उतरवून घेतानाच जाड-पातळ वेगळी लावावी, म्हणजे गवंड्याचा माल वाया जात नाही.

आता माझीच चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी चांगली जाड फरशी आणली, पण घाईत जोत्यातला मुरूम न दाबताच बसवून घेतली. पहिल्याच पावसाळ्यानंतर शेगडीपाशी फरशी खचली. वाजवून पाहिले तर खाली पोकळ!

रमाई आवासचे घरकुल म्हणजे 269 चौरस फूट. फरशीची पाळी येते तेव्हा हप्ता संपलेला असतो, मग काटकसर होते ती नेमकी खालच्या भरावात. साताऱ्याकडे मुरमाड जमिनीत एक वेळ निभावते. सांगलीच्या काळ्या मातीत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्यात तीच माती भरू नये. मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने टाकावा, पाणी मारावे, धुमसाने ठोकावा. त्यावर दगडाची सोलिंग, मग चार इंच काँक्रीट. पैसे कमी पडले तर वर्षभर साध्या कोब्यावर राहावे, फरशी पुढच्या दिवाळीला.

बहिणीने स्वयंपाकघराला शहाबादी ठरवली आहे. पुढच्या खोलीसाठी भाचा टाइलचे फुटके तुकडे गोळा करत हिंडतो आहे.