तैलरंगाच्या बैठकीत बसायला जागा कुणाला?

कलाशाळेत शिकणारे आमचे काही तरुण मित्र म्हणतात, तैलरंग हा धनिकांच्या दिवाणखान्याचा रंग. तो आपण टाकून द्यावा. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. हॉलंडमधील हार्लेम शहरी फ्रान्स हाल्स याने १६१६ साली नागरी सेनेच्या अधिकाऱ्यांची मेजवानी रंगविली. मेजाभोवती ऐटीत बसले आहेत ते शहरातील मातब्बर. पॅरिसच्या एदुआर माने याच्या १८६३ च्या 'ऑलिम्पिया'त काळी स्त्री आहे खरी, पण हातात फुलांचा गुच्छ घेऊन, गोऱ्या बाईच्या पलंगामागे उभी! बसायचे कुणी आणि उभे राहायचे कुणी, हे चित्रातही ठरलेलेच. ही वाटणी आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही रंग टाकून देण्याचा सल्ला आम्हास मान्य नाही. सलमान तूर या चित्रकाराकडे पाहा. १९८३ साली लाहोरात जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्कला राहतो. युरोपातील जुन्या उस्तादांची चित्रे त्याने कसून अभ्यासली आणि ते कसब वापरले कुणासाठी? सावळ्या कातडीच्या, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी. २०१९ च्या 'फोर फ्रेंड्स'मध्ये छोट्याशा घरात मित्र जमले आहेत, नाचताहेत. मानमरातब नाही, हुद्दे नाहीत.

तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेला असतो. (तेच जवस, ज्याची चटणी आमच्या विदर्भात भाकरीवर पडते.) तो सावकाश वाळतो. ओल्या रंगात ओला रंग मिसळता येतो, कडा विरघळतात. तूरच्या हिरव्या रात्रीतला जिव्हाळा या ओलेपणातून उतरला आहे. त्या बंद दाराला अर्थ आहे. पाकिस्तानात असे संबंध आजही कायद्याने गुन्हा आहेत. आणि असाच सावळा माणूस त्याच्या दुसऱ्या एका चित्रात तपासणीपुढे उभा दिसतो, किडुकमिडुक सामान चारचौघांत उघडे पडलेले!

'फोर फ्रेंड्स' २०२२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेले. म्हणजे पुन्हा धनिकाचीच भिंत, असे आमचे मित्र म्हणतील. म्हणोत. हाल्सच्या अधिकाऱ्यांनी आपले चित्र पैसे मोजून काढून घेतले होते. तूरच्या मित्रांनी दमडीही मोजलेली नाही. भिंत कुणाचीही असो, तिच्यावर ते नाचताहेत आणि त्यांच्या हातात कुणासाठी आणलेला गुच्छ नाही.